आंद्रेला आकड्यांत बसवताना

२९ मार्च १९८७ रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, पाँटियाक सिल्वरडोम या छप्पर असलेल्या अवाढव्य मैदानात, डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या व्यावसायिक कुस्ती संस्थेचा ‘रेसलमेनिया ३’ हा सोहळा झाला. शेवटची लढत हल्क होगन आणि आंद्रे द जायंट यांची होती. आयोजकांनी प्रेक्षकांचा आकडा ९३,१७३ असा जाहीर केला. तो फुगवलेला असल्याचा आक्षेप पुढे घेतला गेला, तरी मैदान तुडुंब भरले होते याबद्दल वाद नाही. आंद्रेची जाहिरातीतली उंची सात फूट चार इंच आणि वजन ५२० पौंड, म्हणजे सुमारे २३६ किलो. प्रत्यक्षात त्या दिवशी रिंगमध्ये उतरलेला आंद्रे आजारी होता. ज्या ॲक्रोमेगली या विकाराने त्याला एवढे मोठे केले, त्यानेच त्याचे सांधे आणि पाठ खाल्ली होती. आदल्या वर्षी पाठीवर शस्त्रक्रिया झाली होती आणि धावणे तर सोडाच, नीट चालणेही त्याला जड जात होते. लढतीचा निकाल आधीच ठरलेला होता. सुरुवातीलाच होगन त्याला उचलायला जातो आणि त्याच्या भाराखाली कोसळतो. मग बराच वेळ आंद्रे त्याला मिठीत आवळून उभा राहतो. शेवटी होगन उसळतो, आंद्रेला उचलून आपटतो, त्याच्यावर पाय टाकून झेप घेतो आणि पंच तीन मोजतात. सगळे मिळून बाराएक मिनिटे. डावांची यादी करायला बसले तर एक पान भरणार नाही, आणि तरीही व्यावसायिक कुस्तीच्या इतिहासात याहून प्रसिद्ध लढत सापडायची नाही.

बावीस वर्षांनी, मार्च २००९ मध्ये, टीएचक्यू या कंपनीने ‘डब्ल्यूडब्ल्यूई लेजेंड्स ऑफ रेसलमेनिया’ हा व्हिडिओ गेम बाजारात आणला. तो जपानच्या यूक्स कंपनीने घडवला होता. त्यात ही लढत खेळता येते. होगन व्हायचे, बटणे दाबायची, आंद्रेला हरवायचे. जुन्या मल्लांवरच्या प्रत्येक गेमपुढचा पेच इथेच आहे. क्रिकेट किंवा फुटबॉलच्या गेममध्ये मूळ खेळातही चुरस खरी असते, गेम तिची नक्कल करतो. व्यावसायिक कुस्तीत चुरस हे दोघांनी मिळून उभे केलेले नाटक असते. अंगावर पडणारा मार बऱ्याच अंशी खरा, डाव टाकण्याचे कौशल्य खरे, पण जिंकणे-हरणे लिहिलेले. मग ज्याने कधी खऱ्या अर्थाने कोणाला ‘हरवले’च नाही, त्या मल्लाची ताकद गेममध्ये किती धरायची? माझे म्हणणे असे की ताकदीचा हा प्रश्नच गेम बनवणाऱ्यांना चुकीच्या वाटेने नेतो. जुन्या मल्लाचे जे काही जपून ठेवण्याजोगे आहे ते त्याच्या चेहऱ्यात, दंडाच्या घेरात किंवा जिंकलेल्या पट्ट्यांत नाही. कोणत्या क्षणी तो काय करायचा आणि कोणत्या क्षणी मुद्दाम काय करायचा नाही, या हिशेबात ते आहे. ज्या गेमने हा हिशेब पकडला त्याने मल्ल जपला. बाकीच्यांनी त्याचा फोटो जपला.

ताकद मोजण्याचा मोह किती नैसर्गिक आहे हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. नव्वदच्या दशकात केबलवरून हे मल्ल आपल्या घरांत आले आणि त्यांच्या पाठोपाठ दुकानांत आली ट्रम्प कार्ड. प्रत्येक पत्त्यावर एक मल्ल आणि खाली आकडे: रँक, उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या आणि जिंकलेल्या लढती. ज्याचा आकडा भारी त्याने समोरचा पत्ता घ्यायचा. शाळेच्या बसमध्ये आणि सोसायटीच्या जिन्यावर एका पिढीने हे मल्ल आधी आकडे म्हणून पाठ केले आणि मग टीव्हीवर माणसे म्हणून पाहिले. या पत्त्यांचे तर्कशास्त्र सरळ आहे: मोठा तो जिंकतो. पण त्या पत्त्यांत रिकी स्टीमबोट किंवा ब्रेट हार्ट यांच्यासारख्या मल्लाला हक्काची जागा नसते. त्यांची थोरवी उंचीत नव्हती, वजनात तर नव्हतीच. जेक रॉबर्ट्सचे काय करायचे? संथपणे, जवळजवळ कंटाळल्यासारखा वावरणारा हा माणूस कुठल्याही क्षणी समोरच्याचे डोके काखेत धरून खाली झोकून द्यायचा आणि लढत तिथेच संपायची. त्या डावाला डीडीटी म्हणत. प्रेक्षक सबंध लढतभर त्या एका क्षणाची धास्ती धरून बसत. ही धास्ती पत्त्यावर कोणत्या रकान्यात लिहिणार?

सुरुवातीचे बरेच व्हिडिओ गेम हे हलणारे ट्रम्प कार्डच होते. १९८९ मध्ये ‘रेअर’ने बनवलेल्या आणि ॲक्लेमने विकलेल्या निन्टेंडोवरच्या ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ रेसलमेनिया’त होगन, आंद्रे आणि रँडी सॅव्हेज ओळखू येत होते ते मुख्यतः रंगावरून आणि आकारावरून. आर्केडमध्ये टेक्नोस जपानने १९९१ साली ‘रेसलफेस्ट’ आणला. त्यातली चित्रे इतकी रसरशीत होती की आजही लोक त्यांची आठवण काढतात, आणि २०२१ मध्ये ‘रेट्रोमेनिया रेसलिंग’ या नावाने त्याचा अधिकृत पुढचा भागही निघाला. पण दोन मल्ल एकमेकांना भिडले की जो बटण जोरजोरात बडवेल त्याचा डाव लागायचा. नाणे टाकून दोन-तीन मिनिटांत संपवायच्या खेळाला ते शोभून दिसते. मल्लाच्या स्वभावाला मात्र त्यात वाव नव्हता.

बदलाचा धागा जपानमधल्या एका माणसाकडे जातो. मासातो मासुदा याने निन्टेंडोसाठी १९८६ मध्ये ‘प्रो रेसलिंग’ रचला आणि पुढे ह्यूमन या कंपनीत १९८९ मध्ये ‘फायर प्रो रेसलिंग’ची मालिका सुरू केली. फायर प्रोमध्ये दोघे मल्ल आपोआप एकमेकांना भिडतात आणि पकड बसण्याच्या नेमक्या क्षणी जो बटण दाबतो त्याचा डाव लागतो. बटण बडवणारा हरतो. शिवाय सुरुवातीलाच मोठा डाव टाकायला गेलात तर तो हमखास उलटतो. आधी छोटे डाव, मग मध्यम, आणि समोरचा खचला की मगच मोठा. मध्येच दम खायचे एक वेगळे बटण आहे, आणि ते न वापरणारा मल्ल मोक्याच्या वेळी धापा टाकत उभा राहतो. व्यावसायिक कुस्तीतल्या मुरलेल्या माणसाला विचारले तर लढत बांधण्याचा हाच क्रम तो सांगेल. म्हणजे इथे गेमचा नियम आणि मल्लाचे कसब एकाच गोष्टीची मागणी करतात, आणि हे त्याआधी कुठल्या गेमला जमले नव्हते.

फायर प्रोची याहून मोठी देणगी म्हणजे संगणकाने चालवायच्या मल्लाचे ‘लॉजिक’. खेळणारा स्वतः मल्ल घडवू शकतो आणि त्याला कोणत्या परिस्थितीत कोणता डाव किती टक्के शक्यतेने सुचावा हे ठरवू शकतो: समोरचा ताजातवाना असताना, अर्धा थकलेला असताना, पुरता खचलेला असताना. कोपऱ्यातल्या खांबावर चढण्याची शक्यता किती, हेही त्यात असते. आता रिक फ्लेअर घ्या. हा माणूस जवळजवळ प्रत्येक लढतीत वरच्या दोरावर चढायचा आणि जवळजवळ प्रत्येक वेळी समोरचा त्याला तिथून खाली फेकायचा. जिंकायला बसलेला कोणताही शहाणा खेळाडू फ्लेअर घेऊन दोरावर चढणार नाही. पण न चढणारा फ्लेअर हा फ्लेअरच नव्हे. त्याची घमेंड, शिक्षा भोगूनही न शिकण्याची खोड आणि त्यावर प्रेक्षकांचा होणारा आनंद हे सगळे त्या एका मूर्ख चढाईत आहे. ट्रम्प कार्डावर ही चढाई उणेच धरावी लागेल. लॉजिकमध्ये ती टक्क्यांत लिहिता येते आणि मग पडद्यावरचा तो ठिपक्या-ठिपक्यांचा बाहुला अचानक फ्लेअरसारखा वागू लागतो. फायर प्रोकडे बहुतेक काळ खऱ्या मल्लांचे हक्क नव्हते. बदललेल्या नावांनी आणि किंचित फिरवलेल्या चेहऱ्यांनी ते गेममध्ये यायचे, तरी जाणकार त्यांना क्षणात ओळखायचे. नाव नाही, चेहरा अर्धामुर्धा, आवाज नाही, प्रवेशाचे संगीतही नाही, आणि माणूस मात्र ओळखू येतो. मल्लाची ओळख कशात असते याचा याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

दुसरा पुरावा जपानच्याच एकेआय कंपनीने निन्टेंडो ६४ साठी केलेल्या गेमचा. अमेरिकेत १९९७ ते २००० या काळात त्यांचे चार गेम आले, त्यातला शेवटचा ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ नो मर्सी’. यांत मल्लाची उरलेली ताकद दाखवणारी पट्टी नसते. असते ती अवसानाची पट्टी. डाव लागला की ती चढते, मार बसला की उतरते आणि काठोकाठ भरली की ठरावीक काळापुरता मल्लाचा खास डाव खुला होतो. गंमत अशी की प्रेक्षकांकडे पाहून हातवारे केले तरी ती चढते. होगनने कानाला हात लावून गर्दीचा आवाज ऐकणे, सॅव्हेजने बोट गरगर फिरवत आभाळाकडे नेणे ही या मल्लांची निव्वळ सजावट नव्हती, तो त्यांच्या लढतीचा सांधा होता. मार खाऊन निपचित पडलेला होगन थरथरत उठतो, त्यानंतर त्याला ठोसे लागतच नाहीत, आणि गर्दी उभी राहते, हा प्रकार ताकदीच्या हिशेबात निव्वळ खोटा वाटतो. अवसानाच्या हिशेबात तो अगदी चोख बसतो. पण हातवारे करताना मल्ल उघडा पडतो, समोरचा सावध असेल तर तिथेच झडप घालतो. प्रेक्षकांची वाहवा आणि अंगावरचा धोका यांचा सौदा खऱ्या रिंगमध्ये मल्ल मिनिटामिनिटाला करतो. तो गेमच्या नियमांत उतरला म्हणूनच पंचवीस वर्षांपूर्वीची ही ओबडधोबड, चौकोनी चेहऱ्यांची माणसे अजून लोकांना खेळवतात.

कुस्तीच्या मुलखातला वाचक इथे एक रास्त हरकत घेईल. कोल्हापूरच्या खासबागेत निकाली कुस्ती पाहिलेल्या माणसाने या नुरा कुस्तीचे एवढे कौतुक का करावे? पाठ टेकली की संपले, असा जिथे नियम, तिथे अवसानाच्या पट्ट्या कशाला? हरकतीचा अर्धा भाग मान्यच आहे: या दोन गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत. पण त्यांच्यामधली भिंत आपण समजतो तेवढी उंच कधीच नव्हती. पन्नास-साठच्या दशकांत मुंबईत दारा सिंग आणि किंग काँग यांच्या ‘फ्रीस्टाइल’ लढतींना हजारोंची गर्दी व्हायची आणि १९६८ मध्ये लू थेझसारखा अमेरिकी विजेता दारा सिंगशी लढायला मुंबईत आला होता. जपानी व्यावसायिक कुस्तीवर ज्याच्या शिस्तीची छाप आहे तो कार्ल गॉच भारतीय आखाड्यातले दंड आणि बैठका आपल्या शिष्यांकडून शेकड्यांनी काढून घ्यायचा. इराणचा खोस्रो वझिरी, म्हणजे आयर्न शेख, हौशी कुस्तीत तयार झालेला अस्सल पैलवान होता. आपल्या मुद्गलांच्या नात्यातले इराणी मील तो रिंगमध्ये फिरवून दाखवायचा आणि इतरांना फिरवून दाखवायचे आव्हान द्यायचा. २३ जानेवारी १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो होगनकडून हरला आणि होगनचे युग सुरू झाले. खरी झुंज झाली असती तर कोण जिंकले असते, याची पैज शेखवर लावणारे आजही पुष्कळ भेटतील. म्हणजे या खेळात हरणे हीसुद्धा एक कामगिरी होती, आणि ती नीट पार पाडायला खऱ्या पैलवानाचे अंग लागायचे. ताकदीच्या आकड्यांवर चालणारा गेम शेखला होगनपेक्षा दुबळा ठरवतो, आणि तिथे तो शेखच्या कुस्तीशीही बेइमान होतो आणि होगनच्या नाटकाशीही.

दुसरी हरकत इतिहासाच्या बाजूने येते. जुने मल्ल घ्यायचे तर जुन्या लढती जशा झाल्या तशाच खेळवाव्यात, खेळणाऱ्याला मोकळे सोडले तर इतिहासाचा चुराडा होतो, असे हे म्हणणे. ‘लेजेंड्स ऑफ रेसलमेनिया’ने याची सोय तीन प्रकारे केली: काही लढती घडल्या तशा पुन्हा जगायच्या, काहींचा निकाल उलटवायचा, काही नव्याच अटींवर खेळायच्या. चार वर्षांनी ‘डब्ल्यूडब्ल्यूई २के१४’ने रेसलमेनियाच्या तीस वर्षांतल्या चाळीसहून अधिक लढती घेतल्या आणि प्रत्येकीत ऐतिहासिक उद्दिष्टांची यादी दिली: अमुक डाव अमुक जागी मारा, मग मूळ प्रसंगासारखे दृश्य उलगडेल. मेहनत अफाट होती. जुन्या प्रक्षेपणाचा पोत, रिंगचे रंग, पोशाख, सगळे जिवापाड उभे केलेले. पण यादी हातात आली की खेळणारा मल्ल राहत नाही, हुकमाचा ताबेदार होतो. ‘रेसलमेनिया ३’मधलीच रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची लढत पाहा. सॅव्हेजने ती आधीच पायरी-पायरीने आखली होती, दोघांनी ती पाठ केली होती आणि पंधरा मिनिटांच्या आतली ही लढत पुढच्या पिढीच्या मल्लांसाठी वस्तुपाठ ठरली. म्हणजे इथे तर मूळ लढतच यादीबरहुकूम झालेली! मग गेमने यादी दिली तर बिघडले कुठे? बिघडले ते असे की सॅव्हेजची यादी ही त्याने घेतलेल्या निर्णयांची यादी होती. कुठे वेग वाढवायचा, कुठे प्रेक्षकाला वाटू द्यायचे की आता संपले, ते त्याने ठरवले होते. गेममधल्या यादीत ते निर्णय घेऊन झालेले असतात, उरते ती हमाली. शिवाय यादी इतिहासाशी तरी प्रामाणिक असते का? आंद्रे पंधरा वर्षे अजिंक्य होता आणि त्याला कोणी उचलून आपटले नव्हते, ही १९८७ मधली जाहिरात. होगनने स्वतःच १९८० साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये त्याला उचलून आपटले होते आणि १९८६ मध्ये जपानमध्ये अँटोनियो इनोकीने त्याला शरण यायला लावले होते. गेम ज्याला इतिहास म्हणून पुन्हा जगायला लावतो तो त्या काळच्या जाहिरात विभागाने सांगितलेला इतिहास असतो.

आंद्रेच्या त्या लांबलचक मिठीकडे या संदर्भात थांबून पाहिले पाहिजे. ती मिठी तिथे का होती? कारण आंद्रेला दुसरे फारसे काही करता येत नव्हते, आणि कारण त्या शांत मिनिटांशिवाय शेवटच्या उचलीला वजन आले नसते. कसबी मल्ल आपल्या दुखण्यातूनही लढतीची लय काढतो. गेममध्ये मात्र मिठी म्हणजे बटण बडवून सुटायची अडचण. तीन मिनिटे मिठीत अडकलेला खेळाडू कंट्रोलर ठेवून उठून जाईल. इथे माध्यमाची खरी मर्यादा आहे आणि ती कबूल केली पाहिजे. शिवाय प्रश्न उरतो की कोणता आंद्रे? तरुणपणी फ्रान्स आणि जपानमध्ये चपळ म्हणून गाजलेला, उडी मारून दोन्ही पायांची लाथ घालणारा आंद्रे, की सिल्वरडोममध्ये दोर धरून उभा राहिलेला? बहुतेक गेम या दोघांची सरासरी काढतात आणि त्या सरासरीतला आंद्रे कधी अस्तित्वातच नव्हता.

उलट बाजूने २०११ चा ‘डब्ल्यूडब्ल्यूई ऑल स्टार्स’ येतो आणि माझ्या युक्तिवादाची तो खरी परीक्षा घेतो. टीएचक्यूच्या सॅन डिएगो शाखेने केलेल्या या गेमने वास्तवाचा नादच सोडला. मल्लांचे देह व्यंगचित्रासारखे फुगवलेले, खास डाव मारताना मल्ल कित्येक फूट हवेत उडतो, जमिनीवर आपटताच काळ क्षणभर थबकतो आणि धक्क्याची लाट पसरते. जुने पंधरा आणि त्या वेळचे पंधरा मल्ल समोरासमोर उभे केलेले. यात लढत बांधणे नाही, दम खाणे नाही. मग हा गेम वाईट का वाटत नाही? मला वाटते, तो मल्लाच्या कसबाशी नसला तरी प्रेक्षकाच्या नजरेशी इमान राखतो. अल्टिमेट वॉरियर धावत यायचा, दोर गदागदा हलवायचा, तेव्हा दहा वर्षांच्या पोराला जे दिसायचे ते ‘ऑल स्टार्स’ने जसेच्या तसे काढले आहे. वॉरियरच्या बाबतीत हा मार्ग नेमका लागू पडतो, कारण त्याच्या कुस्तीत देखाव्यापलीकडे फार नव्हते. फटका बसतो तो शांत मल्लांना. ‘मिस्टर परफेक्ट’ कर्ट हेनिगची नजाकत, प्रत्येक मार आपल्या अंगावर जिवंत करून दाखवण्याची त्याची विद्या, त्या धडाक्यात वाहून जाते. जिथे सगळेच आभाळात उडतात तिथे कोणी चांगले कोसळून दाखवले याला किंमत राहत नाही. तरीही ‘ऑल स्टार्स’चे एक ऋण मोठे आहे. ‘लेजेंड्स ऑफ रेसलमेनिया’त नसलेला रँडी सॅव्हेज त्यात परतला. गेम मार्च २०११ च्या अखेरीस आला आणि २० मे रोजी सॅव्हेजचे निधन झाले.

सॅव्हेजचे नसणे आणि असणे आपल्याला हक्कांच्या प्रश्नाकडे नेते आणि जुन्या मल्लांचे गेम मुळात जन्मालाच का आले हेही तिथेच कळते. ॲक्लेमकडे डब्ल्यूडब्ल्यूएफचे हक्क होते ते १९९९ मध्ये टीएचक्यूकडे गेले. ॲक्लेमने ईसीडब्ल्यू या छोट्या संस्थेचा हात धरला, पण ती २००१ मध्ये बुडाली. त्याच वर्षी डब्ल्यूसीडब्ल्यू ही दुसरी मोठी संस्था डब्ल्यूडब्ल्यूएफने विकत घेतली. आता चालू काळातल्या मोठ्या मल्लांकडे जायचा रस्ताच बंद. तेव्हा ॲक्लेमने कोणत्याही संस्थेला बांधलेले नसलेल्या जुन्या मल्लांचे हक्क मिळवून २००१ च्या अखेरीस ‘लेजेंड्स ऑफ रेसलिंग’ आणला. बाजाराच्या कोंडीतून जन्मलेला, खेळायला काहीसा जड आणि अडखळता गेम. पण त्यात एक गोष्ट अशी होती की जी पुढच्या श्रीमंत गेममध्ये आली नाही. त्यात टेक्सासचे फॉन एरिक बंधू होते, मेम्फिसचा जेरी लॉलर होता, फंक बंधू होते, आणि खेळणाऱ्याला अमेरिकेत प्रदेशाप्रदेशाने फिरत किताब मिळवावे लागत. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या एनडब्ल्यूए या संघटनेखाली अमेरिकेत खरोखरच अशी प्रदेशांची वाटणी होती. प्रत्येक प्रदेशाचा आपला आयोजक, आपला नायक, आपली लढतीची ढब. १९८३-८४ पासून डब्ल्यूडब्ल्यूएफच्या व्हिन्स मॅकमहनने देशभर पाय पसरले आणि ती व्यवस्था मोडली. जिंकलेल्याने बनवलेल्या गेममध्ये हा नकाशा कशाला असेल? तिथे सगळे रस्ते रेसलमेनियाकडेच जातात. ॲक्लेम २००४ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिच्याबरोबर नकाशाही गेला.

कंपनीच्या हाती किल्ली असली की कोणाला आत घ्यायचे हेही तीच ठरवते. ख्रिस बेन्वा या मल्लाने जून २००७ मध्ये पत्नी आणि मुलाची हत्या करून आत्महत्या केली, त्यानंतर तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या एकाही गेममध्ये आलेला नाही, आणि त्या घटनेची भीषणता पाहता कोणी कंपनीला दोष देईल असे वाटत नाही. होगनची वांशिक द्वेषाची वक्तव्ये २०१५ मध्ये उघड झाली आणि त्या वर्षीच्या गेममधून त्याचे नाव नाहीसे झाले. पुढे तो परतला. म्हणजे हा संग्रह नैतिक म्हणावा तर तसाही नाही आणि तटस्थ म्हणावा तर तसाही नाही. तो व्यवहाराने चालतो. जुन्या लढती गेममधून जपल्या जातात असे जेव्हा मी म्हणतो तेव्हा ही अट त्याला जोडलेली आहे. यावर आजवर निघालेला सर्वांत परिणामकारक उतारा खेळणाऱ्यांनीच काढला आहे. २०१७ पासूनच्या ‘फायर प्रो रेसलिंग वर्ल्ड’मध्ये लोक आपण घडवलेले मल्ल इतरांसाठी खुले ठेवतात. कोणत्याही कंपनीच्या यादीत न बसणारे प्रादेशिक मल्ल, विसरलेले खलनायक, एकाच मल्लाची तरुण आणि उतारवयातली वेगळी रूपे अशा सगळ्यांना तिथे जागा मिळते, आणि प्रत्येकामागे जुन्या चित्रफिती पाहून टक्क्याटक्क्याने लिहिलेले लॉजिक असते.

चित्रफितींचे नाव निघालेच आहे तर शेवटच्या हरकतीचाही विचार करू. २०१४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने आपला संग्रह वर्गणीदारांसाठी इंटरनेटवर खुला केला आणि मूळ लढती घरबसल्या पाहण्याची सोय झाली. मग नकलेची गरज काय? चित्रफीत काय घडले ते पूर्ण सांगते. त्याऐवजी काय घडू शकले असते, हे तिच्यात कधीच नसते. मल्लाचा निर्णय हा त्याने टाळलेल्या दहा गोष्टींमुळे निर्णय ठरतो. हातात कंट्रोलर घेतलेल्याला त्या दहाही वाटा दिसतात, चुकीच्या वाटेने जाऊन डाव उलटतो आणि मग मूळ मल्लाने तिथे वाट का पाहिली हे त्याला बोटांनी कळते. म्हणून लॉजिक लिहिणाऱ्या हौशी माणसांचे काम मला टीकाकाराच्या कामाच्या जवळचे वाटते. फ्लेअर किती टक्के वेळा दोरावर चढतो, हा आकडा ठरवण्याआधी फ्लेअरची लढत कशी वाचायची ते ठरवावे लागते.

तरी एक गोष्ट अजून कोणत्याही मोठ्या गेमला पुरती साधलेली नाही. दोन मल्ल मिळून एक लढत उभी करतात, पण गेम त्यांच्यापैकी एकालाच बक्षीस देतो. काही प्रयत्न झाले आहेत. फायर प्रो लढत संपल्यावर ती किती रंगली याचे टक्के दाखवतो. कुस्ती संस्था चालवण्याच्या गेममध्ये निकाल खेळणाराच लिहितो आणि कस लागतो तो लढतीच्या दर्जाचा. २०२३ मधल्या ‘रेसलक्वेस्ट’ने तर सॅव्हेजला आदर्श मानणारा नायक घेतला, आंद्रे आणि जेक रॉबर्ट्स यांना त्यात आणले आणि गर्दीचा उत्साह मोजणारी पट्टी थेट लढतीच्या बळाशी जोडली. पण दोन जिवंत माणसे समोरासमोर खेळत असताना दोघांना मिळून एकच गुण देणे, हरणाऱ्याने उत्तम हरून दाखवले तर त्याच्याही पारड्यात तेवढेच टाकणे, हे धाडस मोठ्या प्रकाशकांनी केलेले नाही. अडचण खरी आहे. इंटरनेटवर भेटणारा अनोळखी खेळाडू जिंकायला आलेला असतो, त्याला समोरच्यावर विश्वास टाकायला कसे लावणार? पण आयर्न शेख किंवा कर्ट हेनिग यांचे कसब खेळणाऱ्याच्या हाती द्यायचे असेल तर तो विश्वास नियमांत बसवल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि मल्लांच्या त्वचेवरचा घाम आणखी खरा करण्यावर जाणारा पैसा आधी इथे लागायला हवा.